वाटेवरचे देव आणि आमची स्थानपोथी

गेल्या श्रावणात आम्ही चौघेजण नांदेडहून लातूरला निघालो. चौघेही मराठी शिकवणारे, चार वेगवेगळ्या महाविद्यालयांतले. लातूरला दुसऱ्या दिवशी एक काम होते. सरळ गेलो असतो तर तीन तासांचा रस्ता. पण आमच्यातील एकाने बऱ्याच दिवसांपासून एक यादी करून ठेवली होती आणि तिचे शीर्षक होते, 'वाटेवरची अनोखी देवस्थाने'. चिंध्या बांधलेले झाड, शेंदूर फासलेला वीरगळ, बारवेच्या काठावर सात दगडांच्या रूपातल्या आसरा, बांधावरची लक्ष्मीआई, अपघाताच्या जागी नातेवाइकांनी उभारलेली घुमटी, अशा पंधरा-सोळा जागा त्याने टिपल्या होत्या. गाडी होती, दोन दिवस हाताशी होते आणि पाऊस लागून राहिला होता. जमेल तेवढे पाहू, असे म्हणून आम्ही निघालो.

परतल्यावर ती यादी पुन्हा वाचताना तिच्या शीर्षकातील एका शब्दाची आम्हांला लाज वाटली. तो शब्द 'अनोखी'. प्रस्तुत लेख त्या शब्दाविषयी आहे. साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय परका वाटू नये, कारण वाटेवरचा देव हीदेखील एक संहिता आहे आणि ती आपण कशी वाचतो, यावर आपल्या वाचनाच्या सवयी उघड्या पडतात.

प्रथम पावसाबद्दल. नांदेड-लातूर रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ चा भाग आहे. चौपदरीकरणानंतर त्यावरून जाणाऱ्याला कडेचे काही दिसत नाही, दिसले तरी थांबता येत नाही. आम्ही थांबलो ते पावसाने थांबवले म्हणून. लोह्याच्या पुढे सर इतकी दाट झाली की समोरची काच धुरकट झाली. बाजूच्या कच्च्या वाटेवर एक कडुनिंब आणि त्याखाली चार खांबांवर टाकलेले पत्रे दिसले. आम्ही पळत पत्र्याखाली शिरलो. तिथे आधीच सोयाबीनच्या रानातून उठून आलेल्या तीन बाया आणि शेळ्यांसह एक म्हातारा उभा होता. मागे, खोडाला टेकून, शेंदूर लावलेला वीतभर उंचीचा तांदळा होता. ही जागा आमच्या यादीत नव्हती.

"कुठून आलाव?" म्हाताऱ्याने विचारले. मग आम्ही देवीचे विचारले. त्याने सांगितले की ही लक्ष्मीआई त्याच्या पणजोबाच्या नांगराला लागली. फाळ दगडावर घासला तेव्हा रक्त आले, म्हणून जागचा दगड हलवला नाही. बायांपैकी एक, वयाने पन्नाशीची, मान हलवत होती. ती म्हणाली, तसे नाही. एक लेकुरवाळी माहेराहून सासरी निघाली होती, इथे पाऊस लागला, ती झाडाखाली बसली ती उठलीच नाही. म्हणून आखाडात इथे चोळी-बांगडी वाहतात. आम्ही शिक्षकांच्या सवयीने विचारले, "मग खरी गोष्ट कोणती?" बाई म्हणाली, "त्यांच्या घरी तसं सांगत्यात." म्हातारा काही बोलला नाही. पाऊस ओसरला, बाया रानात गेल्या, आम्ही गाडीत बसलो.

गाडीत आमचा वाद सुरू झाला. नांगराला लागलेला दगड आणि त्यातून आलेले रक्त हे कथाबीज महाराष्ट्रभर आढळते, शेकडो स्वयंभू देवांच्या कथेत ते आहे, असे एकाचे म्हणणे. दुसरी कथा अधिक महत्त्वाची, कारण ती सासर-माहेरच्या वाटेवरच्या मृत्यूची आहे आणि बायकांच्या तोंडी आहे, असे आमच्या मैत्रिणीचे म्हणणे. दोन्ही बाजूंनी बरीच नावे घेतली गेली. त्या नावांचा येथे थोडा विचार करावा लागेल, कारण वाटेवरच्या देवांकडे पाहण्याच्या तीन तऱ्हा मराठी वाचकाला ठाऊक आहेत.

पहिली तऱ्हा अभ्यासकाची. दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या १९६२ च्या पुस्तकात चव्हाट्यावरच्या मातृदेवतांवर एक निबंध आहे. त्याचा आरंभ शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील एका प्रसंगाने होतो. पहिल्या अंकात चारुदत्त मैत्रेयाला चौकात जाऊन मातृकांना बली ठेवायला सांगतो. मैत्रेय कुरकुरतो. इतकी पूजा करूनही देव प्रसन्न होत नाहीत, मग उपयोग काय, असे त्याचे म्हणणे. गृहस्थाचा हा नित्याचा विधी आहे, असे चारुदत्ताचे उत्तर. आपण हे नाटक वर्गात शिकवतो, पण चौकातल्या त्या मातृका कोण, आणि श्रीमंती गेलेल्या ब्राह्मणाच्या घरचा नैवेद्य रस्त्यावर का जातो, हा प्रश्न विचारत नाही. कोसंबींनी तो विचारला आणि उत्तर शोधायला ते पुण्याच्या परिसरात पायी हिंडले. प्राचीन वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे या देवता का आढळतात, हे त्यांनी सूक्ष्मास्त्रांच्या जागा तपासून मांडले. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) आणि 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथांतून थोर दैवतांची मुळे धनगर-गवळ्यांच्या आणि गावकुसाबाहेरच्या ठाण्यांपर्यंत नेली. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्यामागे धनगरांच्या वाटा धुंडाळल्या. या मंडळींचे ऋण आपण फेडू शकणार नाही. तरीही या पद्धतीची एक मर्यादा आम्हांला त्या पत्र्याखाली जाणवली. या वाचनात लहान देव बहुधा पुरावा म्हणून येतो. तो कशाचा तरी अवशेष असतो, कुणाच्या तरी आधीची पायरी असतो. निंबाखालचा तांदळा विठ्ठलापर्यंत किंवा अश्मयुगापर्यंत पोहोचवला की त्याचे काम संपते. त्या बाईने सांगितलेली गोष्ट मात्र तांदळ्यापाशीच उरते.

दुसरी तऱ्हा कवीची. अरुण कोलटकरांची 'जेजुरी' १९७६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली आणि १९७७ चा कॉमनवेल्थ काव्यपुरस्कार तिला मिळाला. दगड आणि देव यांच्यातील सीमारेषा कुठे, हा या कवितेचा एक गाभ्याचा प्रश्न आहे. भालचंद्र नेमाड्यांनी तिच्यावर आक्षेप घेतला तो पर्यटकी दृष्टीचा. श्रद्धाळूंच्या गावी अश्रद्ध पाहुणा येतो, दोन घटका बघतो, परत जातो, अशा आशयाची ही टीका आहे. आम्ही ती विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा बहुधा कोलटकरांच्या बाजूने बोलतो. त्या कवितेतील निरखणे इतके चोख आहे की तिला नुसती पर्यटकी म्हणणे अन्यायाचे होईल, असे आम्हांला अजूनही वाटते. पण हातात 'अनोखी' अशी यादी घेऊन, मोबाइलने फोटो काढत हिंडताना नेमाड्यांचा आक्षेप कोलटकरांपेक्षा आम्हांलाच अधिक लागू पडत होता, हे कबूल केले पाहिजे. कोणतीही गोष्ट अनोखी ठरते ती बघणाऱ्याच्या नेहमीच्या वाटेच्या तुलनेत. त्या बायांच्या लेखी तिथे काहीही अनोखे नव्हते. पावसात उभे राहायची ती जागा होती आणि देवी तिथली घरमालकीण होती.

तिसरी तऱ्हा सुधारकाची. अंधश्रद्धा, पशुबळी, रस्त्यावरचे अतिक्रमण. या तऱ्हेला हसण्यावारी नेण्याची साहित्यिकांत एक खोड आहे. ती किती पोकळ आहे हे आम्हांला त्याच दिवशी कळले.

माळेगावला खंडोबाचे दर्शन घेऊन आम्ही निघालो होतो. मार्गशीर्षात इथे भरणारी जत्रा घोडे, उंट, गाढवे यांच्या बाजारासाठी आणि भटक्या जमातींच्या जातपंचायतींसाठी प्रसिद्ध आहे. प्रभाकर मांडे यांनी ज्यांना 'गावगाड्याबाहेर' या आपल्या पुस्तकात केंद्रस्थानी आणले, तेच हे लोक. श्रावणात मात्र जत्रेचे मैदान रिकामे होते, चिखलात खुरांचे ठसेसुद्धा नव्हते. पुढे अहमदपूरच्या दिशेने जाताना एका गावाबाहेर यादीतली मरीआई आली. उघड्यावरचा चौथरा, त्यावर लाकडी लहान गाडा, हिरव्या बांगड्या, लिंबू. पटकीच्या साथीत देवीला गाड्यात बसवून शिवेपार नेऊन सोडण्याची रीत होती, तिची ही खूण. आम्ही तिघे उतरलो. चौथा उतरला नाही. त्याच्या घराण्याने १९५६ नंतर बौद्ध धम्म स्वीकारलेला आहे.

आम्ही भिजून परत आल्यावर तो म्हणाला, "तुम्हाला हे अनोखं वाटतं. माझ्या आजोबांना ही वेठ वाटत होती." मग त्याने सांगितले. त्याच्या गावी मरीआईचे ठाणे त्यांच्याच वस्तीला लागून होते. झाडलोट त्यांची, गाडा शिवेपर्यंत ओढायचे काम त्यांचे, साथ आली की गावाच्या वतीने देवीच्या रागापुढे उभे राहायचे तेही त्यांनीच. मानही त्यांचा म्हणायचा, आणि तो मान नाकारायची सोय नाही. धम्म स्वीकारल्यावर आजोबांनी आणि त्यांच्या भावांनी तो दगड नदीत नेऊन टाकला. गावाने काही काळ त्यांना कामावर बोलावले नाही. "तिथं आता काहीच नाही," तो म्हणाला. "तुमच्या यादीत ती जागा कशी येणार?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. गाडीत बराच वेळ कुणी बोलले नाही. वाटेवरच्या देवांविषयी मराठीत जे हळवे लेखन होते त्यात हा प्रश्न जवळजवळ कुठेच नसतो. गावाच्या कोणत्या बाजूला कोणता देव बसतो, हा भूगोलाइतकाच जातीचा प्रश्न आहे. शिवेवरची, पांढरीबाहेरची, वाड्याजवळची ठाणी ही ज्यांच्यावर सोपवली गेली त्यांच्या श्रमाचा आणि सक्तीचाही इतिहास आहेत. काहींच्या दृष्टीने ठाणे टिकणे हा वारसा असेल, काहींच्या दृष्टीने ते सुटणे ही मुक्ती होती. या दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच फर्लांगात घडलेल्या आहेत. जो लोकसाहित्याचा अभ्यास पहिली नोंदवतो आणि दुसरी गाळतो, तो अपुरा तर आहेच, शिवाय पक्षपाती आहे.

मग या जागा वाचायच्या कशा? आमचे मत असे आहे की मराठीपुरते याचे उत्तर आपल्याच वाङ्मयाच्या आरंभी आहे आणि आपण ते विसरलो आहोत. ते उत्तर म्हणजे महानुभावांची 'स्थानपोथी'.

'लीळाचरित्र' सर्वांना ठाऊक असते. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या साहाय्याने, ज्यांनी ज्यांनी गोसावींना पाहिले त्यांना गाठून, त्यांच्या आठवणी जमवल्या. तेराव्या शतकातील या खटाटोपातून मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ उभा राहिला. 'स्थानपोथी'चे नाव मात्र परीक्षेपुरते घेतले जाते. वि. भि. कोलत्यांनी ती संपादित केली असली तरी ती वाचणारे थोडे. तीत कथा जवळजवळ नाही. गोसावी कोणत्या गावी राहिले, देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, बसले कुठे, जेवले कुठे, अशा नोंदी आहेत. साहित्य म्हणून पाहिले तर रूक्ष. पण पुढच्या पिढ्यांतील महानुभावांना त्या जागी जाऊन नमन करायचे होते आणि त्यासाठी जागा नेमकी कळणे आवश्यक होते. त्या नेमकेपणात एक निष्ठा आहे. तिथे देऊळ थोर की लहान, शिल्प सुंदर की ओबडधोबड, याला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते 'इथे' या शब्दाला.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. 'लीळाचरित्रा'च्या परंपरेत एका लीळेविषयी दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर भिन्न पाठ 'वासना' म्हणून नोंदवण्याची रीत आहे. म्हणजे अमक्याची आठवण अशी, तमक्याची तशी. एक खरी ठरवून दुसरी पुसून टाकण्याची घाई नाही. पत्र्याखालची बाई जेव्हा "त्यांच्या घरी तसं सांगत्यात" म्हणाली तेव्हा ती या परंपरेतच बोलत होती, आणि आम्ही, मराठीचे प्राध्यापक, तिला खरी गोष्ट कोणती म्हणून विचारत होतो. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हे तरी उमगायला हवे होते.

हे सारे आजच लिहिण्याचे कारण काय? कारण या जागा तिन्ही बाजूंनी बदलत आहेत.

पहिले कारण रस्ते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी सार्वजनिक रस्ते व जागांवर नवी अनधिकृत प्रार्थनास्थळे उभारण्यास मनाई केली आणि जुन्या स्थळांचा प्रकरणागणिक विचार करण्यास राज्यांना सांगितले. पाडणे, हलवणे किंवा नियमित करणे, असे तीन मार्ग पुढे आले. या आदेशाला आमचा विरोध नाही. रस्ता अडवून रातोरात उभ्या राहणाऱ्या मंदिर-मशिदींचा उपद्रव सर्वांना माहीत आहे. पण ज्याला भिंत नाही, छप्पर नाही, विश्वस्त नाहीत, त्या दगडाची बांधकाम म्हणून नोंद तरी कशी व्हावी? रस्ता रुंद करताना वड आणि चिंच जाते तेव्हा तिच्या बुंध्याशी असलेला मुंजोबा कोणत्या कागदावर असतो? यात एक विपर्यासही आहे. माहूर, तुळजापूर आणि कोल्हापूर या देवीपीठांना जोडणाऱ्या नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मान्यता दिली. त्याच्या आखणीतील जिल्ह्यांत नांदेड आणि लातूर होते आणि शेतकऱ्यांनी जमिनीसाठी त्याला विरोध केला. थोर देवींकडे वेगाने जाण्यासाठी जी रेघ नकाशावर ओढली जाते तिच्याखाली किती लक्ष्मीआया आहेत, हे मोजण्याची पद्धतच आपल्याकडे नाही.

दुसरे कारण जीर्णोद्धार, आणि आमच्या मते हे पहिल्यापेक्षा मोठे आहे. ज्या ठिकाणी पैसा पोहोचला आहे तिथे तांदळ्याभोवती सिमेंटचा गाभारा, फरशी, कमान आणि देणगीदारांची नावे आलेली आम्ही वाटेत पाहिली. एका ठिकाणी जुना दगड मागच्या कोनाड्यात सरकवला होता आणि पुढे संगमरवरी, चार हातांची, गोरी मूर्ती होती. तिथल्या फलकावरची कथा कुठल्याशा पुराणातून आलेली. नांगराची नाही, माहेरवाशिणीची नाही. बुलडोझरने गेलेल्या जागेची निदान कुणाला हळहळ वाटते. जीर्णोद्धारात संहिताच बदलते आणि लोक समाधानाने हात जोडतात. जुन्या पोथीतले अवघड शब्द काढून सोपे घालणाऱ्या संपादकाचेच हे काम आहे. त्याचाही हेतू चांगला असतो.

तिसरे कारण माणसांचे जाणे. आम्ही दुसऱ्या दिवशी औशावरून किल्लारीला गेलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. दगडमातीच्या जाड भिंतींचे वाडे, बोळ, पार मागे राहिले आणि आखीव चौकोनी वस्त्या उभ्या राहिल्या. आता जुन्या गावठाणांत बाभळी माजल्या आहेत.

देवाच्या स्थलांतराची एक कथा मराठी मुलखात सर्वत्र सांगतात. भक्त म्हातारा होतो, त्याला दूरच्या ठाण्याची वारी झेपत नाही, तेव्हा देव म्हणतो, तू पुढे चल, मी मागे येतो, मात्र वळून पाहू नकोस. भक्ताला राहवत नाही, तो वळतो आणि देव तिथेच थांबतो. वाटेवरच्या कितीतरी ठाण्यांचा जन्म या वळून पाहण्यातून सांगितला जातो. भूकंपानंतर हे उलटे झाले. माणसे पुढे गेली, त्यांच्या मागे देव आलेच असे नाही. काही गावांनी देव नव्या वस्तीत नेले, काहींनी नवे बसवले. जुन्या गावठाणातल्या एका ओसाड चौथऱ्यावर मात्र आम्हांला ताजा शेंदूर आणि ओले खोबरे दिसले. पावसात छत्री धरून उभ्या असलेल्या एका गृहस्थाने सांगितले, "नव्या गावात मंदिर हाय की. पण लगीन निघालं की पहिला नारळ हितंच." आम्ही यावर काही विचारले नाही. त्या जागेत कुणाचे कोण गेले आहे हे माहीत नसताना प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला नसतो, एवढे आदल्या दिवशी शिकलो होतो.

नेहमीचा एक आक्षेप इथे घेतला जाईल. देव टिकायचे असतील तर टिकतील, लोक नवे उभारतील, प्राध्यापकांनी काळजी करण्याचे कारण नाही. यात तथ्य आहे. लातूर भागात मार्गशीर्ष अमावस्येला वेळ अमावस्या, बोलीत येळवस, होते. त्या दिवशी रानात कडब्याची कोप करून आत पाच दगड पांडव म्हणून मांडतात, पुजतात, भज्जी, उंडे आणि आंबील यांचे वनभोजन होते. कोप मोडली की देवस्थान संपले. पुढच्या वर्षी पुन्हा नवे. टिकवण्याचा सोस या लोकांना नाही. जगातही असेच आहे. अर्जेंटिनात तहानेने मेलेल्या एका आईच्या नावाने रस्त्याकडेला ठाणी उभी राहिली, ती दिफुंता कोरेया, आणि वाटसरू तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला ही भाषा शिकवावी लागणार नाही. कोरड्या बारवेवर आसरांना ओटी भरणारी बाई तीच भाषा बोलते. तेव्हा देव नवे होतील, यात शंका नाही. आमची काळजी देवांची नाहीच. त्यांच्याविषयी सांगितल्या गेलेल्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या गोष्टींची आहे. त्या आपोआप पुन्हा उगवत नाहीत.

कंधारच्या परिसरात राष्ट्रकूटकालीन एका महाकाय क्षेत्रपालाचे भग्न अवशेष सापडले आहेत. क्षेत्रपाल म्हणजे शिवेचा, रानाचा राखणदार, आपल्या बांधावरच्या देवांचा राजघराण्यातला भाऊबंद. राजाश्रयाच्या त्या मूर्तीचे पाऊलच तेवढे माणसापुढे भव्य दिसते. तिच्याविषयी इतिहासकारांना बरेच सांगता येते. पण तिच्यापुढे नारळ फोडणाऱ्या कुणब्याने तिच्याविषयी काय सांगितले असेल, ते कुणी लिहून ठेवले नाही. ते कायमचे गेले.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मराठीच्या पदव्युत्तर वर्गाला बहुतेक विद्यापीठांत लोकसाहित्य असते. प्रकल्प म्हणून ओव्या, म्हणी, उखाणे गोळा होतात आणि पुष्कळदा आधी छापलेल्या पुस्तकांतूनच उतरतात. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावाची स्थानपोथी लिहावी. जागा गावापासून कोणत्या दिशेला, वाट कोणती, झाड कोणते, दगड घडलेला की अनघड, पूजा कोण करतो, पूर्वी कोण करीत असे, कोणत्या दिवशी, काय वाहतात. एकाच ठाण्याला कुणी नाथ म्हणत असेल आणि कुणी पीर, कंदुरी दोघेही करीत असतील, तर दोन्ही नावे. सांगणाऱ्यांच्या जेवढ्या गोष्टी तेवढ्या वासना, सांगणारा पुरुष की बाई, कोणत्या आळीतला, या उल्लेखासह. अभ्यासकाचे अनुमान असेल तर ते शेवटी आणि वेगळे.

यात एक धोका आहे, तो लपवणे योग्य नाही. ठाणे कुणाचे, हा प्रश्न आज कोर्टात आणि रस्त्यावर लढवला जातो. आपली नोंद उद्या कुणी मालकीचा पुरावा म्हणून नाचवील. एकच मूळ कथा शोधून काढणारी नोंद या कामी सहज वापरता येते. परस्परविरोधी चार गोष्टी शेजारी शेजारी ठेवणारी नोंद तितकी सहज वापरता येत नाही. वासना नोंदवण्याची जुनी रीत पाळण्याचे हे आणखी एक कारण.

लातूरला पोहोचून काम आटोपल्यावर रात्री आम्ही यादी पुन्हा काढली. मित्राने स्वतःच 'अनोखी' हा शब्द खोडला. मग गाडीतून न उतरलेल्या मित्राला आम्ही विनंती केली आणि त्याने आधी नकार देऊन नंतर पहिली नोंद सांगितली. गावाच्या दक्षिणेस, वस्तीच्या शेवटच्या घरापासून वीस पावलांवर, बाभळीखाली मरीआईचे ठाणे होते. पूजा व गाडा त्यांच्या घराण्याकडे. धम्म स्वीकारल्यानंतर दगड नदीत टाकला. आजोबा सांगत, तो दिवसाढवळ्या टाकला. चुलत आजी सांगे, रात्री टाकला, कारण गावाची भीती होती. आता तेथे काही नाही, बाभूळही नाही. दोन्ही आठवणी आम्ही लिहून घेतल्या आहेत. दुसरी नोंद पत्र्याखालच्या लक्ष्मीआईची आहे.